मूठभर कोंड्याचा भाऊ

माझ्या सासरी, आष्टीत, कुणी दूरच्या गावाचं नाव काढलं की बाया माझ्याकडं बघून पदराआड हसतात. "लंकेला जाऊन आलेली बाई," म्हणतात. हसू द्या. सीतेला तरी रावणानं उचलून नेलं होतं. मी माझ्या पायानं गेले, रेल्वेत बसून, नवऱ्याला संग घेऊन. नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई, पर तुम्हाला कळावं म्हणून सांगते, गाव त्यांना रखमाजी म्हणतं.

गेले ते भावाला आणायला. भाऊ माझा सख्खा, पर मी त्याला विकत घेतलेला होता.

त्याचं असं झालं. माझ्या पाठीवर मायला जी लेकरं झाली ती पाळण्यातच गेली. मंग अजून एक पोरगं झालं तवा सुईण म्हणली, "गोजरबाई, ह्याला आपलं म्हणू नको. परक्या घरच्या बाईला विकून टाक. काळ तुझ्या दारात आला तर त्याला सांगता येईल, बाबा, हे लेकरू आमचं न्हाई." मी तवा परकर नेसत होते, पर लगीन होऊन गेल्तं. राहायला अजून माहेरीच. मायनं माझ्याकडं बघितलं आन म्हणली, "हिलाच बोलवा. ही आता परक्या घरचीच हाय."

मी लग्नात रडले न्हाई. लाडू होते, वाजंत्री होती, रडायचं कशाला? त्या दिवशी रडले. तोवर मला वाटत होतं, मी ह्याच घरची.

लेकरू सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. मी जात्यापशी गेले, जवारीचा मूठभर कोंडा घेतला, मायच्या पदरात टाकला आन लेकरू उचललं. नाव मीच ठेवायचं होतं. कडू ठेवलं. काळानं तोंडात घातलं तर कडू लागावं, थुंकून द्यावं. पोरगं जगलं. कडूबा झाला, मिशा फुटल्या, बैलं हाकायला लागला. माय त्याला उठता बसता सांगायची, "तुझा जीव आक्काच्या मुठीतला. आक्काचा शब्द खाली पडू देऊ नको." त्यानं कधी पडू दिला न्हाई. मी म्हणले ऊठ की उठायचा.

माझं माहेर परतूरच्या अलीकडं, रुळाला लागून. त्या भागात कडूबासारखा बैलांचा हात कुणाला नव्हता. मारका बैल त्याच्यापुढं मान खाली घालायचा. तवा जालन्याच्या बाजारातून बैलं घेऊन लंकेतल्या चहाच्या मळ्यात पोचवायचं काम परतूरचा धर्मराज करायचा. त्यानं कडूबाला विचारलं, येतो का? पोरगं हुरळलं. बाप म्हणला, "लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं?" पर तरण्या पोराला असं कुणी थांबवलंय? बैलं पोचवतो आन माघारी फिरतो, म्हणून गेला.

धर्मराज माघारी आला. कडूबा आला न्हाई.

"मळ्यावाल्यानं ठेवून घेतला," धर्मराज म्हणला. "त्यानं निरोप दिलाय. पाऊस उघडला की येतो."

पुढच्या साली धर्मराज पुन्हा जाऊन आला. निरोप तोच. पाऊस उघडला की येतो. त्याच्या पुढच्या सालीबी तोच.

माय म्हणायची, "असला कसला बाई पाऊस, दिवाळी येती, संक्रांत येती, तरी उघडंना?"

मी म्हणले, "माय, तो पाऊस न्हाई. बाई असंल."

असं तीन-चार सालं चाललं. मंग माघात बाप गेला. आन बापाचं तेरावं होतंय न होतंय तोच चुलतभाऊ भुजंग मायपशी येऊन बसला. गोड बोलला. भुजंग गोड बोलला की समजावं, कायतरी शिजून राह्यलंय. म्हणला, "काकू, चाड्यावर मूठ धरायला घरचं माणूस न्हाई. यंदा माझी तिफन घालतो तुमच्या रानात. घरातलंच हाय की."

पेरायच्या तिफनीवरच्या ज्या लाकडी तोंडातून बी खाली उतरतं, ते चाडं. पेरणीची पहिली मूठ त्या चाड्यावर घरच्या माणसानं धरायची, ही आमच्याकडची रीत. ज्याची मूठ त्याचं रान. यंदा भुजंगानं मूठ धरली की पुढच्या साली तो विचारायलाबी येणार न्हाई, हे मायला कळत होतं आन मलाबी. मायचं काय, एक भाकर ती माझ्याकडंबी खाईल. पर ते रान गेलं, ते घर गेलं, की मी माहेरी जाते म्हणून निघायचं कुठं? बाईला सासरी कितीबी सुख असू द्या. रागावून दोन दिस जायला एक दार लागतं.

मी सासूला म्हणले, "मी जाते भावाला आणायला."

सासू म्हणली, "कुठं?"

"लंकेला."

सासूनं कपाळाला हात लावला. दीर म्हणला, समुद्र ओलांडला की माणूस बाटतो. शेजारीण म्हणली, तिकडं राक्षस असतात. मी म्हणले, राक्षस इथंबी हायेत, भुजंगाला बघा. आमचे हे गप बसून तंबाखू मळत होते. मळून झाल्यावर म्हणले, "धर्मराज कधी निघून राह्यलाय?" बस, एवढंच. माणूस बोलत कमी, पर अडवत न्हाई, ही मोठी गोष्ट हाय.

निघताना मायनं घरच्या कणगीतलं जवारीचं बी धडप्यात बांधून दिलं. म्हणली, "हे त्याच्या हातात दे. बापाच्या रानातलं बी हातात आलं की त्याचा पाय तिथं टिकायचा न्हाई. जल्दी आण त्याला. मिरगाचं नक्षत्र निघालं की भुजंग काही माझ्यासाठी थांबायचा न्हाई."

रोहिणीचं ऊन होतं. परतूरच्या ठेसनावर बाकडं एवढं तापलेलं की बसवंना. रुळापलीकडची रानं नांगरून पडलेली, ढेकळं पांढरी फटक, हिरवं म्हणून पानबी न्हाई. मी बोचकं मांडीवर घेऊन गाडीत बसले, धर्मराज आन त्याची बैलं मागच्या डब्यात. हैदराबाद झालं, मद्रास झालं. जसजशी गाडी खाली गेली तसतशी बोली बदलत गेली, आन मंग भाकर बंद झाली ती झालीच. जिकडं तिकडं भात. भात खाल्ला की मला जेवल्यासारखंच वाटंना, दोन तासांनी पोट विचारायचं, बाई, आज उपास हाय का? समुद्राच्या अलीकडं एका छावणीत ठेवून घेतलं, डॉक्टरनं डोळे बघितले, जीभ बघितली. मंग बोट. बोटीत आमच्या ह्यांना उलटीवर उलटी. तोंड पुसत म्हणले, "रामानं पूल कशापायी बांधला, ते मला आज समजलं."

आन तिकडं उतरलो तर पाऊस.

तिथला पावसाळा नुकताच लागला होता, म्हणे. मी पाऊस न बघितलेली बाई न्हाई. पर आमच्याकडं पाऊस पाव्हण्यासारखा येतो. वाट बघायला लावतो, चार दिस राहतो, मान घेतो आन जातो. तिथं तो घरजावई होऊन बसला होता. उठायचं नावच न्हाई. डोंगर हिरवा, दगड हिरवा, घराची भिंत हिरवी. लुगडं वाळत घातलं की जास्तच भिजायचं. चूल पेटवावी तर लाकडातून पाणी निघायचं. पायाला जळवा लागायच्या, ओढून काढल्या की रगत थांबत नव्हतं. धर्मराजच्या बैलांनी तर गाडीतून उतरल्या उतरल्या कान पाडले. मला त्या मुक्या जनावरांची लई कीव आली. त्यांना कुणी विचारलं होतं?

धर्मराजनं आम्हाला मळ्यावर नेलं. मजुरांच्या खोल्यांची एक लांब रांग होती. त्यातल्या एका दारात कडूबा बैलाचं जू साफ करून राह्यला होता. मला बघून उठला. अंगानं बारीक झाल्ता, रंग उजळल्ता. पाया पडला. "आक्का," म्हणला आन माझ्या हातातलं बोचकं घेतलं.

मी त्याला बापाचं सांगितलं. उंबऱ्यावर बसून गुडघ्यात तोंड घालून रडला. मीबी रडले. पर रडता रडता माझं ध्यान आतल्या अंगाला होतं. आत एक बाई भिंतीला टेकून उभी होती. काळी सावळी, केस मोकळे, नुकतीच बाळंत झालेली. ते काय सांगावं लागतंय? खाली फडक्यात लेकरू होतं.

"ही कोण?"

"वल्ली," कडूबा म्हणला. "माझी बायको हाय, आक्का. मळ्यावरचीच. तमिळ बोलती."

"मी म्हणलंच होतं मायला," मी म्हणले. "पाऊस न्हाई, बाई हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच मुलूख ओलांडून मी आले, भात खाऊन पोट बिघडवलं, रगत जळवांना पाजलं, आन हा इथं संसार मांडून बसलेला. बाप तिकडं दाराकडं डोळे लावून गेला. मी म्हणले, "कापडं बांध. बैलं सोड दुसऱ्याच्या हवाली. उद्या निघायचं. भुजंग तिफन घेऊन बसलाय तिकडं. तू न्हाई आलास तर रान गेलं, माय गेली, माझं माहेर गेलं. मी आणायला आले, घेतल्याबिगर जाणार न्हाई."

मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, मी तोंडाला तोंड दिलं असतं. तो म्हणला, "बरं, आक्का."

"बरं काय? ही येईल?"

"हिला कुठं नेऊ? माय चुलीपशी येऊ देईल का? गाव पाणी भरू देईल का?" मंग खाली बघून म्हणला, "माझा जीव तुझा हाय. तू चल म्हणलीस, मी चललो. त्यात मला इचारायचं न्हाई."

ते ऐकून मला बिलकुल बरं वाटलं न्हाई. का वाटलं न्हाई ते तवा समजलं न्हाई. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. ते छपराखाली बसून पाऊस बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वल्लीनं कडूबाची कापडं घडी करून बांधली. गपचूप. त्याचं धोतर, बंडी, बापानं दिलेलं मुंडासं. एकेक घडी हातानं दाबत होती. मी बघत बसले. मनात म्हणत होते, हिनं रडावं, शिव्या द्याव्या, म्हणजे मला निघायला सोपं जाईल.

बोचकं बांधून झालं आन ती आत गेली. बाहेर आली तर हातात सूप. सुपात लेकरू. ते सूप तिनं उंबऱ्याबाहेर, छपराची धार पडती त्या पावळणीच्या आत, माझ्या पायापशी ठेवलं आन हात जोडून काहीतरी बोलून राह्यली. मला एक शब्द कळंना.

"काय म्हणती?" मी विचारलं.

कडूबानं तोंड फिरवलं.

"अरे, बोल की!"

"हिची दोन गेली, आक्का," तो म्हणला. "आपल्या मायसारखीच. पाळण्यातच. मंग मी तिला सांगितलं होतं, मी कसा जगलो ते. आक्कानं मूठभर कोंडा टाकून घेतलं म्हणून. तवापसून तिनं धरून ठेवलंय, तुझी आक्का कधी आली तर तिनं घ्यावं. दुसऱ्या कुणाला देत न्हाई. म्हणती, जिच्या हातचा एक जगला तिचाच हात लागू दे." त्यानं सुपातलं फडकं नीट केलं. "म्हणती, त्याला ने. मी अडवत न्हाई. पर हिला घे. पोरगी हाय, जगू दे."

तिचा नवरा मी उचलून चाललेली, आन ही मलाच पदर पसरून राह्यली होती. माझ्या डोळ्यांपुढं माय उभी राहिली, तसंच सूप, तसाच उंबरा.

कोंडा हवा होता. भात खाणाऱ्यांच्या घरात जवारीचा कोंडा कुठून येणार? मी मायनं दिलेलं बियांचं गाठोडं सोडलं. सोडलं आन बघतच राहिले. ते वाटेत भिजून गेल्तं. दाण्यादाण्याला पांढरे कोंब फुटलेले, धडप्याच्या धाग्यात मुळ्या गुतलेल्या. हे बी आता माघारी नेऊन काय उपेग? मी ओढून ओढून मूठभर सोडवलं आन वल्लीच्या पदरात टाकलं. सुपातून लेकरू उचललं. हलकं होतं, कोकरासारखं. डोळे उघडून माझ्याकडं बघत होतं.

"नाव?" कडूबानं विचारलं.

"दगडाबाई," मी म्हणले. "काळाचे दात पडू दे."

वल्लीनं ते नाव तोंडात घोळवून बघितलं. तिला काही बराबर म्हणता येईना, पर हसली. मी आल्यापसून पहिल्यांदाच हसली. मंग हसू गेलं आन तिनं लेकराच्या फडक्याचं टोक धरून हळूच काहीतरी विचारलं.

कडूबा म्हणला, "इचारती, तू हिला आजच नेणार का? दूध पाजून देते म्हणती."

"अगं येडे!" मी म्हणले. "नेत असतात व्हय? घेतलं म्हणून कुणी घरला नेत न्हाई. लेकरू जिथलं तिथंच राहतं, आईपशी. ते जगावं म्हणून घ्यायचं असतं, न्यायला न्हाई!"

कडूबा तिला माझं बोलणं समजावून सांगायला लागला. सांगता सांगता मधीच थांबला. माझंच बोलणं माझ्या कानात घुमून राह्यलं होतं. इतक्या वर्षांत मायनं मला सांगितलं न्हाई, सासूनं न्हाई, कुणी न्हाई. आन त्या ओल्या उंबऱ्यावर मीच मला सांगितलं.

लई वाईट वाटलं. शाणपण आलं की माणसाला बरं वाटतं म्हणतात, खोटं हाय ते. मला रान दिसलं, भुजंग दिसला, मायचं रिकामं दार दिसलं. वाटलं, बाई, तोंड बंद ठेवलं असतंस तर भाऊ मिळाला असता. पर बोललेलं गिळता येत न्हाई.

मी लेकरू वल्लीच्या मांडीवर ठेवलं आन म्हणले, "कडूबा, ते बोचकं सोड."

"आक्का, रान?"

"रानाचं मी बघते. कापडं खुंटीला लाव. इथं वाळायची न्हाईत, पर लाव."

त्यानं माझे पाय धरले ते सोडीना. आमचे हे उठून आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हणले, "पाव्हणं, त्या नव्या जोडीतला तांबडा बैल पाय जपून टाकून राह्यलाय. खूर बघा त्याचा." माणूस असा. जिथं रडायचं तिथं बैलाचं काढील. पर कडूबा उठला, ते त्यांच्यामुळंच.

निघताना तो बोटीपर्यंत आला. पाऊस चालूच होता. म्हणला, "आक्का, मायला सांग, पाऊस उघडला की येतो."

"सांगते," मी म्हणले.

आम्ही परतूरला उतरलो तवा मिरग निघून गेल्ता आन पाऊसबी पडून गेल्ता. वाटंनं दोन्ही अंगाला तिफनी चालू होत्या. मी घरी न जाता नीट रानात गेले. बांधावर भुजंग बैलं जुपून उभा. माय त्याच्या तिफनीपुढं सरीत बसलेली, हलायला तयार न्हाई. सकाळपसून बसली होती म्हणे. "लेक येऊन राह्यली," एवढंच म्हणायची.

मला बघून तिनं माझ्यामागं बघितलं. आमचे हे होते. त्यांच्यामागं कुणी नव्हतं.

"कडू?"

मी तिच्यापशी बसले आन सगळं सांगितलं. बायकोचं सांगितलं, गेलेल्या दोन लेकरांचं सांगितलं, सुपाचं सांगितलं. काही लपवलं न्हाई. माय ऐकत होती, हातानं ढेकूळ फोडत होती.

"घेतलीस पोरीला?"

"घेतली. मूठभर जवारीला."

"नाव काय ठेवलंस?"

"दगडाबाई."

"चांगलं ठेवलंस," माय म्हणली. डोळे पुसले. मला वाटलं, आता म्हणेल, माझा ल्योक तिथंच टाकून आलीस. तसं न्हाई म्हणली.

भुजंग पुढं आला. "काकू, झालं ना आता? तो येत न्हाई. वाफसा चाललाय, रानातली ओल उडून जाईल. घालू तिफन?"

माय गुडघ्यावर हात देऊन उठली. म्हणली, "घाल की. बैलं तुझीच राहू दे, तिफन तुझीच. हाकायला जावई हाय. चाड्यावर मूठ सगुणा धरेल."

सगुणा म्हणजे मी.

भुजंग हसला. "काकू, लेक परक्या घरची असती. आख्ख्या गावाला ठाऊक हाय. तुमीच म्हणल्त्या, कडूबा झाला तवा."

"म्हणले होते," माय म्हणली. "लेकरू जगवायचं होतं म्हणून म्हणले. काळाला फसवायला बोलले ते. तुला खरं वाटलं व्हय?"

मंग माझ्याकडं वळली. "तुलाबी खरं वाटलं का गं?"

मायनं कमरेची बियांची ओटी सोडून माझ्या कमरेला बांधली, गाठ ओढून बघितली आन मला तिफनीमागं उभं केलं. मी मूठ भरली, चाड्यावर धरली. आमच्या ह्यांनी मागं वळून विचारलं, "हाकू का?"

"हाका," मी म्हणले.